श्रेय जिभेचं, काम नाकाचं

थंडी पडायला लागली की नवी मुंबईत एक तक्रार हमखास कानावर येते. रात्री उशिरा कोपरखैरणे, वाशी, तुर्भे भागात आणि तिकडे तळोजा एमआयडीसीच्या आसपास कळंबोली, खारघर, कामोठ्यात हवेत काहीतरी उग्र, केमिकलसारखा वास पसरतो. लोक खिडक्या लावून घेतात, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात आणि थोड्याच वेळात तिथे दोन तट पडतात. एकाचं डोकं दुखायला लागलेलं असतं आणि त्याच मजल्यावरचा दुसरा म्हणतो, आम्हाला तर काहीच येत नाही. सकाळी कोणी बघायला आलं तर वासाचा मागमूस नसतो. मग तक्रार करणाऱ्यालाच ‘उगाच बाऊ करता’ असं ऐकून घ्यावं लागतं.

दुसरी तक्रार घराघरातली आहे आणि ती बातम्यांत कधी येत नाही. वय झालेले वडील किंवा सासूबाई दोन घास खाऊन म्हणतात, ‘आज भाजीला चवच नाही.’ वरून मीठ मागून घेतात. जिने भाजी केली तिला वाईट वाटतं, कारण मुलांनी तीच भाजी पुन्हा मागून खाल्लेली असते.

या दोन्ही ठिकाणी खोटं कोणीच बोलत नसतं. एकाच हवेत दोन माणसांना दोन वेगळे अनुभव येऊ शकतात, आणि एकाच ताटातली भाजी एकाला रुचकर, दुसऱ्याला सपक लागू शकते. आपण डोळ्यांचे नंबर काढतो, गणेशोत्सवात मंडळं नेत्रतपासणीची आणि रक्तदाब-साखर मोजायची शिबिरं भरवतात, ज्येष्ठ नागरिक संघात कानाच्या मशीनवर व्याख्यानं होतात. नाकाला वास येतो का, हे मात्र कोणी विचारत नाही. मला हे गंभीर वाटतं. का, ते कळण्यासाठी आधी नाक आणि जीभ चालतात कशी ते पाहू.

वास येतो म्हणजे नेमकं काय होतं?

प्रत्येक वास म्हणजे हवेत उडालेले रेणू. लोखंडी कढईला सहसा वास नसतो, कारण लोखंडाचे रेणू हवेत उडत नाहीत. त्याच कढईत हिंग-मोहरी पडली की उष्णतेने मसाल्यातले हलके रेणू उडतात आणि बाहेरच्या खोलीतल्या माणसाला फोडणी पडल्याचं समजतं.

हे रेणू श्वासाबरोबर नाकात वर चढतात. नाकपोकळीच्या अगदी छताशी, साधारण डोळ्यांच्या पातळीला, दोन्ही बाजूंना त्वचेचा एकेक लहानसा ओलसर पट्टा असतो. वासाचं सगळं काम तिथे चालतं. त्या पट्ट्यात लाखो चेतापेशी असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला केसासारखे बारीक तंतू चिकट द्रवात बुडालेले असतात. या तंतूंवर विशिष्ट आकाराची प्रथिनं असतात. त्यांना गंधग्राहक म्हणतात. योग्य रेणू येऊन गंधग्राहकाला चिकटला की पेशी मेंदूकडे संदेश पाठवते. या चेतापेशी थेट मेंदूशी जोडलेल्या असतात. त्यांचे धागे कवटीच्या तळाच्या चाळणीसारख्या पातळ हाडातून वर जातात. बाहेरच्या हवेशी इतका उघडा संबंध असलेला चेतासंस्थेचा दुसरा भाग शरीरात शोधून सापडणार नाही.

माणसात कामाचे गंधग्राहक सुमारे ४०० प्रकारचे आहेत. त्यांची जनुकं अमेरिकेत लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि त्यासाठी दोघांना २००४ चं नोबेल मिळालं. त्यांच्या कामातून पुढे आलेली महत्त्वाची गोष्ट अशी की, एका चेतापेशीवर साधारणपणे एकाच प्रकारचा गंधग्राहक असतो.

आता प्रश्न पडेल, ग्राहक ४०० आणि वास हजारो, हे जमतं कसं? इथे वाजवायची पेटी, म्हणजे हार्मोनियम, डोळ्यांसमोर आणा. पेटीच्या पट्ट्या मोजक्याच असतात, पण दोन-तीन एकदम दाबल्या की वेगळाच नाद निघतो, आणि त्यातली एक बदलली की तो पुन्हा बदलतो. वासाचंही तसंच आहे. एक रेणू अनेक ग्राहकांना कमी-जास्त जोराने दाबतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना दाद देतो. मेंदू एकेक पट्टी ओळखत बसत नाही; सगळ्या मिळून उमटलेला मेळ ओळखतो. कॉफीच्या वासात शेकडो रेणू असतात, तरी आपल्याला एकच, ‘कॉफीचा’ वास येतो.

वाशीच्या एपीएमसीत आंब्याच्या दिवसांत फळबाजारात गेलात तर जुने गिऱ्हाईक बघा. फळ हातात घेतात, दाबत नाहीत, देठाजवळ नाक नेतात आणि क्षणभर थांबतात. ते नेमकं काय शोधत असतात, याचं रसायनशास्त्र पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तपासलं गेलं आहे. कच्च्या हापूसमध्ये टर्पीन नावाच्या गटातले रेणू भरपूर असतात, म्हणून कैरीला तो हिरवा, झणझणीत वास असतो. फळ पिकत गेलं की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन गटांतले गोडसर वासाचे रेणू तयार होतात. आधीच्या पट्ट्या दाबलेल्याच राहतात, नव्या त्यांच्यात मिसळतात. देठाशी नाक नेणारा माणूस हाच बदल वाचत असतो, त्याला एकाही रेणूचं नाव माहीत नसलं तरी.

एकाला येतो, दुसऱ्याला येत नाही, हे कसं?

याला निदान दोन कारणं आहेत. पहिलं जन्मजात. गंधग्राहकांची जनुकं माणसागणिक बरीच बदलतात. दोन माणसं घेतली तर त्यांच्या सुमारे ३० टक्के गंधग्राहकांच्या कामात फरक असतो, असा अंदाज २०१४ च्या एका अभ्यासात निघाला. म्हणजे तुमची आणि शेजाऱ्याची पेटीच थोडी निराळी. कोथिंबीर काहींना साबणासारखी लागते, त्यामागे ओआर६ए२ नावाच्या गंधग्राहकाच्या जनुकाजवळचा फरक सापडला आहे. आइसलँडमधल्या संशोधकांना २०२० मध्ये असे लोक आढळले, ज्यांना मासळीच्या उग्र वासाचा त्रास इतरांपेक्षा कमी होतो. त्यांच्यात त्या वासाचं एक ग्राहक-जनुक बदललेलं होतं. दिवाळे गावात वाळत घातलेल्या बोंबलांजवळून एकजण नाकाला रुमाल लावून जातो आणि दुसऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, यात सवय आणि संस्कार मोठे आहेतच, पण थोडा वाटा जनुकांचाही असू शकतो.

दुसरं कारण सवयीचं. एखादा वास सतत येत राहिला की काही मिनिटांत ग्राहक आणि मेंदू दोघंही त्याकडे लक्ष देणं कमी करतात. हा बिघाड नव्हे, यात शहाणपण आहे. जुन्या वासात अडकलेल्या नाकाला नवा वास कळला नसता, आणि धोका नेहमी नव्याचाच असतो. याचा परिणाम असा की, आपल्या स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो. तुर्भ्याला डम्पिंगच्या जवळ वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला जो वास जाणवत नाही, तो तिथे उतरलेल्या नव्या माणसाला असह्य होतो. म्हणून ‘आम्ही इथे वीस वर्षं राहतो, आम्हाला काही येत नाही’ हा वास नसल्याचा पुरावा ठरत नाही. उलट बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाची साक्ष जास्त मोलाची.

आणि रात्रीच का? दिवसा तापलेली जमीन हवेला वर ढकलते आणि धूर पातळ होत जातो. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचा थर झाकणासारखा राहतो. चिमणीतून किंवा नाल्यातून जे निघतं ते वर जात नाही. त्यात नवी मुंबईची ठेवण अशी: पूर्वेला पारसिकचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी ठाणे-बेलापूर रस्त्यालगत टीटीसीचा औद्योगिक पट्टा, पश्चिमेला वस्ती आणि मग खाडी. रात्री वारा जमिनीकडून पाण्याकडे सुटतो, म्हणजे कारखान्यांकडून घरांकडे. ऊन वर आलं की झाकण उघडतं. सकाळी तपासणीला येणाऱ्याला म्हणूनच काही सापडत नाही. वास सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, वाऱ्याची दिशा आणि वास कशासारखा होता, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवणं म्हणूनच फार उपयोगाचं. ‘रोज वास येतो’ या एका ओळीच्या तक्रारीपेक्षा महिनाभराच्या तारीख-वेळेच्या नोंदी कोणालाही झटकून टाकता येत नाहीत.

वास आला म्हणजे विषारी, नाही आला म्हणजे शुद्ध?

दोन्ही समजुती चूक आहेत, आणि दुसरी जीवघेणी आहे.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू राहिला तर हा वायू साठतो आणि नाक अवाक्षर काढत नाही. स्वयंपाकाच्या गॅसलाही मुळात जवळजवळ वास नसतो. सिलिंडरमधल्या गॅसमध्ये इथाइल मर्कॅप्टन नावाचं, सडक्या कोबीसारखा वास मारणारं रसायन मुद्दाम मिसळतात. पाइपमधून घरी येणाऱ्या गॅसलाही असाच वास दिलेला असतो. आपलं नाक या गंधकयुक्त रेणूंना इतकं हळवं आहे की, स्फोट व्हायला लागेल त्याच्या कितीतरी कमी गॅस साठला असतानाच आपण ओरडतो, ‘अगं, गॅस चालू राहिला!’ स्वयंपाकघरातली ही सगळी सुरक्षाव्यवस्था घरातल्या कोणाच्या तरी नाकाच्या भरवशावर उभी आहे.

हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट सर्वांत भयंकर. गटारात, सेप्टिक टँकमध्ये तयार होणारा हा वायू. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भाग असायच्या आतच सडक्या अंड्याचा वास येऊ लागतो. पण प्रमाण १०० भागांच्या आसपास गेलं की तो गंधाची जाणीवच बधिर करतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, वास गेला, आता ठीक आहे. प्रत्यक्षात प्रमाण वाढलेलं असतं. मॅनहोलमध्ये एकापाठोपाठ एक माणसं दगावतात, पहिल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. वासावरून अंदाज घेऊन कुणालाही खाली पाठवू नये. सोसायटीच्या टाकीच्या कामाला माणसं बोलावणाऱ्या प्रत्येक कमिटीला हे माहीत असायलाच हवं.

मग जीभ काय करते?

जीभ प्रामाणिकपणे पाच गोष्टी सांगते: गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी. आरशात जिभेवर जे बारीक उंचवटे दिसतात त्यांतल्या काहींमध्ये रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे झुबके, असतात. एकेका कलिकेत ५० ते १०० पेशी. त्या साधारण दहा दिवसांत नव्याने तयार होतात, म्हणून गरम चहाने पोळलेली जीभ आठवडाभरात पूर्ववत होते. रुचिकलिका टाळूवर आणि घशातही असतात.

जिभेचं काम भुकेपेक्षा पहारा देण्याचं जास्त आहे. गोड म्हणजे ऊर्जा, खारट म्हणजे शरीराला लागणारं मीठ, आंबट म्हणजे कच्चं किंवा आंबलेलं, कडू म्हणजे बहुधा विष. गोडासाठी ग्राहकांची एक जोडी पुरते. कडूसाठी मात्र माणसात सुमारे २५ वेगवेगळे ग्राहक आहेत, कारण वनस्पतींमधली विषं नाना तऱ्हेची असतात. मूल कारल्याला तोंड वाकडं करतं ते हट्टाने नव्हे. लहानपणी कडू जास्त टोचतं आणि पहारा कडक असतो.

उमामी म्हणजे मांसाच्या रश्श्यात, सुक्या मासळीत, पिकलेल्या टोमॅटोत जी भरदार, तोंडात रेंगाळणारी चव असते ती. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून तिचं मूळ शोधलं: ग्लुटामेट. सुक्या मासळीत इनोसिनेट हा आणखी एक घटक असतो आणि तो ग्लुटामेटबरोबर आला की चव कैक पटींनी वाढते. सुक्या बोंबलाच्या कालवणात टोमॅटो घालणाऱ्या बाईला हे कोणी शिकवलेलं नाही, पण तिची जोडी अचूक आहे.

शाळेत शिकवलेला जिभेचा नकाशा मात्र विसरा. टोकाला गोड, मागे कडू, कडांना आंबट, असं चित्र आपण वह्यांत काढलं होतं. जर्मनीत डेव्हिड हेनिग यांनी १९०१ मध्ये जिभेच्या वेगवेगळ्या भागांतला अगदी किरकोळ फरक नोंदला होता. पुढे १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांनी तो आलेखात अशा रीतीने मांडला की किरकोळ फरक ठळक सीमारेषा वाटू लागला. व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी १९७४ मध्ये पुन्हा मोजून दाखवलं की फरक नगण्य आहे. रुचिकलिका असलेल्या प्रत्येक भागाला पाचही चवी कळतात. साखरेचा दाणा जिभेच्या कडेला ठेवून बघा.

पण आपल्याकडे तर सहा रस सांगितलेत!

हा प्रश्न आपल्याकडे येणारच, आणि तो रास्त आहे. आयुर्वेदाच्या सहा रसांतले चार आधुनिक यादीशी जुळतात. उरलेले तिखट आणि तुरट जिभेवर स्पष्ट जाणवतात, तरी त्यांचा मार्ग रुचिकलिकांचा नाही.

तिखट ही वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या ग्राहकाला चिकटतं तो मुळात साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखण्यासाठी आहे. मेंदूला निरोप जातो की तोंड भाजतंय, आणि तो घाम फोडतो, नाक-डोळे वाहवतो. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधला. २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर मिळालं. ठाण्यात मामलेदारची मिसळ खाऊन कानशिलं तापतात ती याच दारातून. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ग्लासभर पाण्याने काही होत नाही. दूध, दही, ताक उपयोगी पडतं. ही जळजळ मेंदूपर्यंत नेणारी चेता, म्हणजे मज्जातंतू, नाकातही आहे. एपीएमसीच्या मसाला बाजारात मिरचीच्या पोत्यांजवळ ठसका लागतो, शिंका येतात, तो वास नसतो, ती जळजळ असते.

तुरट हा स्पर्श. कच्चं केळं, जांभूळ, आवळा यांतले टॅनिन लाळेतल्या निसरड्या प्रथिनांना धरून गोळा करतात, तोंडातलं वंगण जातं आणि जीभ टाळूला खरखरीत घासते. सहा रसांची यादी जेवणाऱ्याच्या अनुभवावरून केलेली आहे, पाचांची यादी पेशींवरून. त्यांच्यात भांडण लावायचं कारण नाही.

हाताशी बडीशेप असेल तर

एका हाताने नाक घट्ट दाबा, तोंडाने श्वास घ्या आणि चिमूटभर भाजलेली बडीशेप चावायला लागा. काहीतरी कुरकुरीत आहे आणि किंचित गोड आहे, एवढंच समजेल. डोळे मिटून दुसऱ्याने भरवली तर बडीशेप आहे की आणखी काही, हे सांगता येणं कठीण. आता चावतानाच नाक सोडा. बडीशेप एकदम उमलते. जिभेवरचा पदार्थ तोच आहे, दाताखाली काही बदललेलं नाही.

झालं असं की, चावताना निघालेले रेणू घशाच्या मागच्या वाटेने नाकाच्या त्या छताजवळच्या पट्ट्यापर्यंत जातात. गिळल्यावर बाहेर पडणारा श्वास त्यांना वर नेतो. हुंगणं हा पुढचा दरवाजा, आणि हा मागचा. मागच्या दाराने आलेला वास मेंदू तोंडात बसवतो आणि आपण त्याला चव म्हणतो. जिरं आणि ओवा, वेलदोडा आणि जायफळ, केळं आणि पेरू यांच्यातला जवळजवळ सगळा फरक असा मागच्या वाटेने कळतो. सर्दीत ‘तोंडाला चव नाही’ असं म्हणतो तेव्हा जीभ ठणठणीत असते. मीठ-साखर तिला नीट कळत असते. वाट बुजलेली असते नाकाची.

आपल्या स्वयंपाकातल्या कितीतरी पद्धतींचा अर्थ इथे लागतो. फोडणी वरून घालायची, कोथिंबीर शेवटी पेरायची, गरम मसाला उतरवताना टाकायचा, कारण उडणारे रेणू जास्त वेळ शिजवले तर आपल्याआधी भिंतींना मिळतात. मासळीला कोकम किंवा चिंच लावायची, याचंही कारण आहे. मासा शिळा होऊ लागला की त्यात ट्रायमिथाइलअमीन तयार होतं आणि तोच ‘मासळीचा’ वास. आंबट पदार्थातल्या आम्लाशी संयोग झाला की त्याचं न उडणाऱ्या क्षारात रूपांतर होतं. रेणू ताटातच राहतो, नाकापर्यंत पोचत नाही.

माणसाचं नाक कामचलाऊच ना, कुत्र्यापुढे?

ही समजूत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल ब्रोका यांनी माणसाच्या मेंदूत वासाचा भाग तुलनेने लहान आहे, एवढ्यावरून माणसाला या बाबतीत मागे टाकलं. जॉन मॅकगॅन यांनी २०१७ मध्ये सगळा पुरावा मांडून ही जुनी कहाणी खोडून काढली. कुत्रा माग काढण्यात आपल्या पुढे आहेच. पण काही रेणूंना आपलं नाक विलक्षण तीक्ष्ण आहे. पहिल्या पावसात येऊरकडून येणारा मातीचा वास घ्या. त्यातला जिओस्मिन हा रेणू मातीतले जिवाणू तयार करतात आणि पाण्यात अगदी नगण्य प्रमाणात असला तरी आपल्याला कळतो.

वासाची वाट मेंदूतही वेगळी आहे. दृष्टी आणि आवाज आधी मेंदूच्या मधल्या एका केंद्रातून पुढे जातात. वास तिथे न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपाशी पोचतो. आजीच्या ट्रंकेतल्या साडीचा वास नाव आठवायच्या आत गळा दाटून आणतो, तो याच जवळिकीमुळे.

वास जातो तेव्हा

करोनाने हा विषय घराघरात आणला. विषाणूने मुख्यतः वासाच्या चेतापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला केला. आधार गेल्यावर चेतापेशी कामातून गेल्या. बहुतेकांचा वास परतला, पण काहींना परतताना विचित्र अनुभव आला. कॉफी, तळलेला कांदा, लसूण, अंडं यांना सडल्यासारखा किंवा जळल्यासारखा वास येऊ लागला. पेटीच्या काही पट्ट्या दुरुस्त झाल्या, काही मुक्याच राहिल्या, त्यामुळे ओळखीचा मेळ बेसूर लागतो. याला पॅरोस्मिया म्हणतात. हा नखरा नाही, आणि अशा माणसाला ‘खा गपचूप’ म्हणणं क्रूर आहे.

याहून कितीतरी मोठी संख्या ज्येष्ठांची. रिचर्ड डॉटी यांनी अमेरिकेत १९८४ मध्ये केलेल्या पाहणीत ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांची वास ओळखण्याची शक्ती बरीच घटलेली आढळली, आणि ८० च्या पुढे तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांची. नजर कमी झाली तर माणसाला कळतं. वास हळूहळू जातो आणि माणूस समजतो, हल्लीच्या भाजीत काही राम राहिला नाही. मग मीठ वाढतं, लोणचं-पापड वाढतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि रक्तदाब असलेल्यांचा हात नेमका तिथेच सैल सुटतो. दुसऱ्या टोकाला काहीजण जेवणच कमी करतात आणि वजन उतरत जातं. काही औषधंही चव बिघडवतात; मेट्रोनिडाझोल किंवा मेटफॉर्मिन घेणाऱ्या काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते. स्वतःच गोळी बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं.

घरात करता येण्याजोगं बरंच आहे. मिठाऐवजी लिंबू, आलं, ताजी कोथिंबीर, वरून घातलेली खमंग फोडणी. दातांना झेपेल असं थोडं कुरकुरीत. जेवण गरम वाढणं, म्हणजे रेणू जास्त उडतील. आणि जिने स्वयंपाक केला तिच्यावर दोष न ढकलणं.

विक्सचा वास येतो, म्हणजे नाक शाबूत?

नाही. मेंथॉल थंडाव्याच्या चेतेला चेतवतो, तीच मिरचीची जळजळ नेणारी चेता. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही बाम आणि अमोनिया ‘कळतो’. तपासायचं असेल तर डोळे मिटून कॉफी पावडर, अंगाचा साबण, संत्र्याची साल, चहाची पत्ती ओळखून बघा, एकेक नाकपुडी वेगळी दाबून. ओळखता आलं नाही, आणि सर्दी उतरून काही आठवडे झाले असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. नाकातली वाढलेली गाठ, जुनाट सायनस यांवर इलाज असतो. दुचाकीवरून पडून डोक्याला मार बसला तर त्या चाळणीसारख्या हाडातून जाणारे धागे तुटू शकतात, तेही सांगा. पार्किन्सन्ससारख्या आजारात हातांना कंप सुटायच्या आधी अनेक वर्षं वास कमी होऊ शकतो. वास गेलेल्या बहुतेकांना तो आजार नसतो, पण डॉक्टरांना ही माहिती हवी असते.

विषाणूने गेलेला वास परत आणण्यासाठी एक साधा व्यायाम आहे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तो मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, असे चार वास दिवसातून दोनदा, एकेक काही सेकंद, लक्ष देऊन हुंगायचे, आणि निदान बारा आठवडे नेमाने. खर्च जवळजवळ नाही. वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात आणि हा सराव त्यांना वळण लावतो. सगळ्यांना गुण येत नाही, आलेला पूर्ण नसतो, पण अनेकांना फरक पडतो. सोडून देण्याची घाई करू नका. सुधारणा वर्षभरानेही झालेली दिसते.

तोवर, आणि घरात एकटे राहणारे ज्येष्ठ असतील तर कायमच, गॅस गळती ओळखणारं यंत्र बसवून घ्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो, म्हणून यंत्र जमिनीलगत लावायचं. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो, म्हणून यंत्र छताजवळ हवं. ठाणे-नवी मुंबईत अनेक घरांनी सिलिंडर सोडून पाइप घेतला आणि जुनं यंत्र खालीच राहिलं असेल तर ते आता चुकीच्या जागी आहे. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावा, पाइपच्या गॅससाठी बिलावरचा आपत्कालीन क्रमांक त्याच्याखाली. फ्रिज उघडलं की थंड दुधाला, उरलेल्या आमटीला हुंगून बघणारं दुसरं कोणी घरात नसेल, तर डब्यांवर तारीख लिहायची सवयही त्यांना लावून द्या.